रिपोर्टमध्ये ‘नॉर्मल व्हेरिएंट’ लिहिलंय? मेंदूच्या धमन्यांची वेगळी ठेवण आणि स्ट्रोक

चक्कर येते किंवा डोकं दुखतं म्हणून मेंदूचा एमआरआय काढला जातो, सोबत धमन्यांची अँजिओग्राफी होते आणि रिपोर्टच्या शेवटी एखादी अनोळखी ओळ येते. ‘उजवी व्हर्टेब्रल आर्टरी हायपोप्लास्टिक’, ‘डावी फीटल पीसीए’ किंवा ‘अझायगस एसीए, नॉर्मल व्हेरिएंट’. मग प्रश्न सुरू होतात. नस जन्मापासून बारीक आहे म्हणतात, मग मला अर्धांगवायू होणार का? ती रुंद करता येईल का? रक्त पातळ करायची गोळी आजपासूनच घेऊ का? मुलांचाही एमआरआय काढून घ्यावा का?

थोडक्यात उत्तर असं, की बहुतेकांनी घाबरण्याचं कारण नाही. धमन्यांची जन्मजात ठेवण बदलणारं औषध नाही आणि तशी गरजही सहसा नसते. पण ही माहिती दोन प्रसंगी फार मोलाची ठरते. एक, स्ट्रोकची शंका आली तर; आणि दोन, मानेच्या किंवा मेंदूच्या भागात शस्त्रक्रिया ठरली तर. या दोन वेळांसाठी काय तयारी ठेवायची, हे सांगण्यासाठी हा लेख.

समजून घेण्यापुरतं

मेंदूला रक्त चार धमन्यांमधून जातं. गळ्याच्या दोन्ही बाजूंनी वर जाणाऱ्या दोन कॅरोटिड आणि मानेच्या मणक्यांमधून जाणाऱ्या दोन व्हर्टेब्रल. व्हर्टेब्रल धमन्या वर एकत्र येऊन त्यांची एक बॅसिलर धमनी होते. मेंदूच्या तळाशी या सगळ्यांना जोडणारं एक कडं असतं. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने १६६४ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्याला ‘सर्कल ऑफ विलिस’ म्हणतात. शहराच्या रिंगरोडसारखा त्याचा उपयोग होतो : एक रस्ता बंद पडला तर दुसऱ्या बाजूने वाहतूक वळवता येते.

पुस्तकातल्या चित्रासारखं पूर्ण आणि सारख्या जाडीचं कडं निम्म्याहून कमी माणसांत सापडतं. कुणाची एखादी जोडधमनी बारीक असते, कुणाची नसतेच. म्हणून ‘व्हेरिएंट’ हा शब्द वाचून आपल्यात काही दोष आहे असं समजू नका. फरक पडतो तो अडचणीच्या वेळी. ज्यांचं कडं अपुरं आहे, त्यांच्यात एक धमनी बंद पडल्यावर दुसरीकडून मदत कमी पोचते आणि मेंदूचं नुकसान जास्त होऊ शकतं.

रिपोर्टमधले शब्द तीन गटांत वाचा

- ठेवणीचे शब्द : हायपोप्लास्टिक (बारीक), अप्लास्टिक (तयारच न झालेली), डॉमिनंट (दोघींत मोठी), फीटल ओरिजिन, फेनेस्ट्रेशन (थोड्या अंतरापुरती दुभंगून पुन्हा जुळलेली), अझायगस (दोनऐवजी एकच), पर्सिस्टंट (गर्भावस्थेतली, पुढेही टिकून राहिलेली). नुसते हे शब्द असतील तर घाई नाही.
- आजाराचे शब्द : स्टेनोसिस, ऑक्लुजन, थ्रॉम्बस, डिसेक्शन, अ‍ॅन्युरिझम, मोयामोया, इन्फार्क्ट, रिस्ट्रिक्टेड डिफ्यूजन. यांतला एकही शब्द दिसला तर पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट घेऊन थांबू नका. रिपोर्ट त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.
- अर्धवट शब्द : ‘पुअरली व्हिज्युअलाइज्ड’, ‘अटेन्युएटेड’, ‘फ्लो सिग्नल दिसत नाही’. सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो.

तिसऱ्या गटाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. इंजेक्शन न देता केलेली एमआर अँजिओग्राफी ही मुळात वाहत्या रक्ताची प्रतिमा असते. रक्त फार हळू वाहत असेल तर उघडी धमनीसुद्धा त्यात दिसत नाही. त्यामुळे ‘दिसत नाही’ याचे तीन अर्थ होऊ शकतात : जन्मापासून बारीक आहे, गुठळीने बंद झाली आहे, किंवा आतला पापुद्रा फाटून अरुंद झाली आहे. पहिल्यात काहीच करायचं नसतं. उरलेल्या दोन्हींत उपचार लागतात, तेही लवकर.

हा निवाडा करायला एक चांगली खूण आहे, हाड. व्हर्टेब्रल धमनी मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर चढते. ती जन्मापासूनच बारीक असेल तर त्या बाजूची छिद्रंही सहसा लहान असतात. कॅरोटिड मुळात तयारच झाली नसेल (हे अत्यंत दुर्मिळ आहे) तर कवटीच्या तळातली तिची हाडाची वाटही नसते. वाट नेहमीच्या आकाराची आहे पण आत धमनी दिसत नाही, तर ती नंतर बंद झाली असण्याची शंका घ्यावी लागते. सीटी अँजिओग्राफीत हे दिसतं. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा : “ही जन्मतः बारीक आहे की नंतर बंद झाली आहे, आणि तसं कशावरून म्हणता येईल?” मान किंवा डोक्याची मागची बाजू अलीकडे अचानक दुखू लागली असेल तर तेही न विसरता सांगा. पापुद्रा फाटल्याची ती खूण असू शकते आणि त्यासाठी मानेचा वेगळ्या पद्धतीचा एमआरआय करावा लागतो.

कोणत्या प्रकारात काय लक्षात ठेवायचं

एक व्हर्टेब्रल बारीक. हे बऱ्याच जणांत आढळतं. बहुतेकांत डावी मोठी आणि उजवी बारीक असते. चक्कर येणाऱ्या माणसाच्या रिपोर्टमध्ये हे दिसलं की सगळं खापर तिच्यावर फुटतं, जसं एरवी ‘मानेच्या मणक्यातल्या गॅप’वर फुटतं. प्रत्यक्षात कुशीवर वळताना किंवा वर पाहताना काही सेकंद गरगरणं हे बहुतेक वेळा कानाच्या आतल्या भागामुळे असतं आणि डोक्याच्या ठरावीक हालचाली करून ते दवाखान्यातच बरं करता येतं. असं निदान न होता लोक वर्षानुवर्षं चक्करेच्या गोळ्या खात राहतात. सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन ज्येष्ठांना दीर्घकाळ दिल्यास कंपवातासारखी लक्षणं दिसू शकतात, हे घरात कुणी अशा गोळ्या घेत असेल तर जरूर तपासा. मात्र मान ठरावीक बाजूला वळवली की दर वेळी अंधारी येते किंवा एकाच्या दोन वस्तू दिसतात, असं असेल तर ते वेगळं प्रकरण आहे. मोठी धमनी वळणावर दाबली जात असू शकते. न्यूरोलॉजिस्टना दाखवा.

फीटल पीसीए. दृष्टीच्या केंद्राला रक्त देणारी मेंदूची मागची धमनी एरवी बॅसिलरमधून निघते. काहींत ती गर्भावस्थेतल्याप्रमाणे कॅरोटिडमधूनच निघत राहते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की अशा माणसाच्या नजरेची एक बाजू अचानक गेली तर गुठळी गळ्यातल्या कॅरोटिडमधून आलेली असू शकते. तेव्हा मानेचा डॉपलर किंवा अँजिओग्राफी झाली का, ते विचारा. कॅरोटिड बरीच अरुंद असेल तर शस्त्रक्रियेचा निर्णय यावर ठरू शकतो.

अझायगस एसीए. मेंदूच्या पुढच्या-मधल्या भागाला, म्हणजे पायांच्या हालचालीच्या आणि माणसाच्या उत्साहाच्या केंद्रांना, दोन्हीकडे एकाच धमनीतून रक्त जातं. ती बंद पडली तर दोन्ही पाय एकदम लुळे पडतात, माणूस बोलेनासा, निरिच्छ होतो. पायच गेले म्हणून घरचे लोक कंबरेचा एमआरआय काढायला नेतात आणि मोलाचे तास वाया जातात. या धमनीच्या फाट्यावर फुगा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, असण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते. म्हणून रिपोर्टमध्ये ‘अ‍ॅन्युरिझम नाही’ असं स्पष्ट लिहून घ्या.

पर्सिस्टंट ट्रायजेमिनल आर्टरी. हजारात काही जणांत आढळते. रोजच्या जगण्यात काही बदलायचं नाही. पण पिट्युटरी ग्रंथीची किंवा त्या भागातली शस्त्रक्रिया कधी ठरली तर सर्जनना हे आधी माहीत असलंच पाहिजे, कारण ही धमनी काही वेळा त्याच जागेतून जाते.

पर्शरॉनची धमनी : झोपेसारखा दिसणारा स्ट्रोक

या प्रकाराला मी मुद्दाम जास्त जागा देतो आहे, कारण इथे घरच्यांनी आग्रह धरला तर निदान लवकर होतं आणि धरला नाही तर दोन-दोन दिवस निघून जातात.

मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमसची जोडी असते. जागं राहणं, लक्ष देणं, लक्षात ठेवणं यांत तिचा मोठा वाटा आहे. तिच्या आतल्या भागाला एरवी उजवीकडे वेगळ्या आणि डावीकडे वेगळ्या बारीक धमन्या जातात. काही माणसांत एकच धमनी निघून दोन्हीकडे फाटे देते. जेरार पर्शरॉन या फ्रेंच डॉक्टरांनी १९७० च्या दशकात तिचं वर्णन केलं. ही एक बारीकशी धमनी बंद झाली की दोन्ही थॅलॅमस एकाच वेळी कोमेजतात.

हे घरात कसं दिसतं? आजोबा सकाळी नेहमीच्या वेळी उठत नाहीत. हलवलं तर डोळे किलकिले करतात, हूं म्हणतात आणि पुन्हा झोपतात. तोंड वाकडं नाही, हात-पाय हलतात. साखर तपासली तर ठीक. रुग्णालयात सीटी स्कॅन होतो, तोही नॉर्मल. ‘झोपेची गोळी जास्त झाली का?’ असा प्रश्न येतो, सोडियम तपासलं जातं, अशक्तपणा म्हणून सलाइन लागतं. थोडे जागे झाले की वर-खाली नीट बघता येत नाही, घरातल्यांची नावं चुकतात, काल काय झालं ते आठवत नाही.

यात तीन गोष्टी फसवतात. पहिल्या काही तासांत सीटी बहुतेक वेळा नॉर्मल असतो. ही धमनी इतकी बारीक असते की अँजिओग्राफीत सहसा दिसतच नाही, म्हणजे ‘अँजिओ नॉर्मल’ याने स्ट्रोक नाही असं सिद्ध होत नाही. आणि लोकांना शिकवलेली चेहरा-हात-बोलणं ही लक्षणं इथे बऱ्याचदा नसतात. त्यामुळे साखर, सोडियम, औषधं यांतून कारण मिळालं नाही तर डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्ट विचारा : “डिफ्यूजन एमआरआय करता येईल का? थॅलॅमसचा स्ट्रोक असू शकतो का?” अगदी सुरुवातीचा एमआरआयही क्वचित नॉर्मल येऊ शकतो. शंका कायम असेल तर तो पुन्हा करावा लागतो.

वेळेत ओळखलं तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन याही रुग्णांना देता येतं. जाळीने गुठळी ओढून काढण्याचा उपाय मात्र इतक्या लहान धमनीत चालत नाही.

अचानक काही झालं तर

नेहमीची लक्षणं सर्वांना पाठ हवीतच : तोल जाणं, नजर जाणं किंवा दोन दिसणं, चेहरा वाकडा होणं, हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं. त्यात ही भर घाला : जागं न करता येणारी झोप, दोन्ही पाय एकदम जाणं, अचानक आलेलं विसराळूपण किंवा गप्पपण. ‘अचानक’ हा शब्द महत्त्वाचा.

1. १०८ ला फोन करा. सीटीची सोय आणि स्ट्रोकचं इंजेक्शन चोवीस तास मिळेल अशाच रुग्णालयात न्यायला सांगा. तुमच्या भागात असं रुग्णालय कोणतं, ते आजच विचारून ठेवा.
2. माणूस शेवटचा व्यवस्थित कधी दिसला, ती वेळ लिहा. इंजेक्शनसाठीचे साडेचार तास तिथून मोजतात, आपण पाहिलं त्या क्षणापासून नाही. मोठ्या धमनीतली गुठळी काढण्याचा उपाय निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येतो, म्हणून ‘उशीर झाला, आता काय’ असं ठरवून घरी थांबू नका.
3. तोंडातून पाणी, चहा, औषध काहीही देऊ नका. गिळणं बिघडलेलं असू शकतं.
4. अ‍ॅस्पिरिनही देऊ नका. स्ट्रोक रक्तस्रावाचा आहे की गुठळीचा, हे स्कॅनशिवाय कळत नाही. रक्तदाब वाढलेला दिसला तरी घरी जास्तीची गोळी देऊ नका.
5. चालू औषधांची यादी, विशेषतः रक्त पातळ करणारी, आणि जुन्या अँजिओग्राफीची सीडी सोबत घ्या. जुनी प्रतिमा हाताशी असली की ‘ही धमनी आज बंद झाली की आधीपासूनच अशी होती’ हा प्रश्न काही मिनिटांत सुटतो. नुसत्या कागदी रिपोर्टने तो सुटत नाही.

एरवी काय करायचं, काय टाळायचं

आजवर स्ट्रोक आलेला नाही, रिपोर्टमध्ये फक्त व्हेरिएंट आहे, तर त्यापायी रोज अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घ्यायची गरज नाही. त्यात पोटात किंवा मेंदूत रक्तस्रावाचा धोका उगाच वाढतो. मात्र हृदयविकार, स्टेंट किंवा आधीच्या स्ट्रोकमुळे ही औषधं चालू असतील तर हा लेख वाचून एकही गोळी बंद करू नका.

दरवर्षी एमआरआय काढू नका. जन्मजात ठेवण बदलत नाही. मुलांची तपासणीही नको. अपवाद एवढाच, की जवळच्या रक्ताच्या नात्यात, म्हणजे आई-वडील, भावंडं, मुलं यांत, दोघांना किंवा अधिक जणांना अ‍ॅन्युरिझम झाला असेल तर इतरांच्या तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोला.

स्ट्रोक आणणारी खरी कारणं तीच आहेत आणि ती हातात आहेत : रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, तंबाखू, आणि हृदयाचे अनियमित ठोके. ‘मी सिगारेट ओढत नाही’ म्हणणाऱ्यांच्या घरात मिश्री आणि तंबाखू-चुन्याची पुडी असते, तीही तंबाखूच. ज्याचं कडं अपुरं आहे, त्याने रक्तदाबाची गोळी बरं वाटतंय म्हणून सोडणं जास्त महागात पडू शकतं.

आणि एक सवय आजच सोडा. केस कापून झाले की खांदे-डोकं चोळता चोळता हनुवटी धरून मान एका झटक्यात कडकन मोडली जाते. तेवढ्यानेही व्हर्टेब्रल धमनीचा पापुद्रा फाटू शकतो. त्यावर गुठळी धरते आणि काही तासांनी किंवा दिवसांनी स्ट्रोक येऊ शकतो. तुमची एक व्हर्टेब्रल बारीक असेल तर मेंदूच्या मागच्या भागाचा भार मोठ्या धमनीवर असतो आणि तिला इजा झाली तर पर्याय उरत नाही. खुर्चीत बसतानाच सांगा : “मालिश चालेल, मान मोडायची नाही.”

शस्त्रक्रिया ठरली तर

मानेच्या मणक्याची, कॅरोटिडची, पिट्युटरीची किंवा हृदयाची मोठी शस्त्रक्रिया असेल तर सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही हा रिपोर्ट दाखवा. कॅरोटिडच्या शस्त्रक्रियेत धमनी काही वेळ बंद ठेवावी लागते. त्या वेळी दुसरीकडून रक्त पोचेल का, की तात्पुरती नळी टाकावी लागेल, याचा विचार करताना कड्याची ठेवण कामाला येते. मणक्यात स्क्रू घालताना मोठी व्हर्टेब्रल कोणत्या बाजूला आहे, हेही आधी पाहावं लागतं. ‘एवढंसं काय सांगायचं’ म्हणून गप्प बसू नका.

तुमचे हक्क

- कागदपत्रं : भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्या लागतात. अर्ज लेखी करा, पोच घ्या आणि रिपोर्टबरोबर मूळ प्रतिमांची सीडीही मागा.
- दुसरं मत : दुसऱ्या तज्ज्ञाचा सल्ला घेणं हा तुमचा हक्क आहे. त्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. दुर्मिळ ठेवणीच्या बाबतीत मेंदूच्या प्रतिमांचा खास अभ्यास असलेल्या रेडिओलॉजिस्टचं मत घेणं चांगलं.
- तातडीचे उपचार : आधी पैसे भरा, मग हात लावू, असं तातडीच्या रुग्णाला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा प्रकरणात जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं, सरकारी असो वा खासगी, पहिलं कर्तव्य असल्याचं सांगितलं आहे.
- खर्च : महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालय योजनेत आहे का आणि तुमचा उपचार यादीत बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारा. बिल झाल्यावर विचारून उपयोग होत नाही.
- विमा : स्ट्रोकनंतर ‘धमनीत जन्मजात दोष होता’ म्हणून दावा नाकारला गेला तर तिथेच हार मानू नका. विम्याच्या नियमांत बाहेरून दिसणारी आणि शरीरातली अशा जन्मजात व्यंगांच्या वेगवेगळ्या व्याख्या आहेत. धमनीची ठेवण दुसऱ्या प्रकारात येते. नकाराचं कारण आणि पॉलिसीतलं नेमकं कलम लेखी मागा. उपचार करणाऱ्या न्यूरोलॉजिस्टकडून ‘हा सर्वसामान्य शरीररचनेतला फरक आहे, आजार नव्हे, स्ट्रोकचं कारण अमुक’ असं पत्र घ्या. कंपनीकडे तक्रार केल्यावर ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. नवी पॉलिसी घेताना झालेल्या तपासण्यांबद्दल विचारलं असेल तर हा रिपोर्ट लपवू नका. तो आणि डॉक्टरांची टीप अर्जालाच जोडा आणि जोडल्याची प्रत जपून ठेवा.